७२ सालच्या शेवरोले पिकअपमध्ये ५.३ लिटरचं इंजिन बसवायचंय, अनुभवी मंडळींनी सांगावं

मिशिगनकर

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे १९७२ ची शेवरोले सी-१० पिकअप आहे. लांब हौदा, मागे कॉइल स्प्रिंगा, तीन गिअरचा लिव्हर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बॉडी मिशिगनच्या मानाने चांगली आहे. इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे जुन्या गाड्या केबिनच्या खालच्या कोपऱ्यांतून आणि दाराखालच्या पट्टीतून सडतात. ही तेवढी सडलेली नाही. चेसिस हातोडीने ठोकून पाहिली, ठणठणीत आहे.

दुखणं इंजिनाचं आहे. मूळचं २५० घनइंची, म्हणजे ४.१ लिटरचं, सरळ सहा सिलिंडरचं. दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलंय, ऑइल पितं, चढावर निळा धूर सोडतं. बोअर करून नवे पिस्टन टाकता येतील, पण मला ही गाडी शोभेसाठी ठेवायची नाही. लाकूड, माती, घरसामान वाहायचंय, आणि वेळ पडली तर हायवेवरून मुलीला कॉलेजात सोडायला जायचंय. तीन गिअरमध्ये सत्तर मैलांच्या वेगाला इंजिन नुसतं कोकलत असतं.

म्हणून १९९९ ते २००६ च्या सिल्व्हराडोमधलं ५.३ लिटरचं व्ही-८ (एलएम-७) आणि त्याच्याच जोडीचा ४एल-६०ई ऑटोमॅटिक गिअर बॉक्स बसवावा असं मनात आहे. भंगार गाड्यांच्या यार्डात ही इंजिनं सहज मिळतात. सुरुवात कुठून करू? इंजिन घेताना काय बघू? आणि ज्याचा खर्च आधी कोणी सांगत नाही, ते काय काय असतं?

पाना_बावीस

टेक्सासात माझं स्वतःचं छोटं गॅरेज आहे आणि अशी कामं आमच्याकडे नेहमी येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट: इंजिन विकत घेऊ नका, अख्खी गाडी विकत घ्या. मागून ठोकलेली, हौदा चेपलेला, पण चालू स्थितीतली सिल्व्हराडो शोधा. यार्डातलं इंजिन स्वस्त दिसतं, पण ते उतरवताना वायरिंग कापलेलं असतं, कॉम्प्युटर दुसऱ्या कोणी नेलेला असतो, अल्टरनेटर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप तिसऱ्याने. मग एकेक सेन्सर, एकेक कनेक्टर, एकेक ब्रॅकेट वेगळं विकत घेत बसा. अख्खी गाडी घेतलीत तर ती सुरू करून, रस्त्यावर फिरवून इंजिन आणि गिअर बॉक्स दोन्ही पारखता येतात. शिवाय कुठली वायर कुठे जाते, कुठला पाइप कुठून फिरतो, हे डोळ्यांसमोर असतं. काम झाल्यावर उरलेली गाडी सुट्या भागांत विकली की बरेच पैसे परत येतात.

घेताना काय बघायचं:

इंजिन थंड असताना सुरू करा. टिकटिक येत असेल आणि गरम झाल्यावर थांबत असेल तर बहुतेक वेळा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा मागचा बोल्ट तुटलेला असतो. या इंजिनांचं ते जुनंच दुखणं आहे. भिण्याचं कारण नाही, पण तुटका बोल्ट इंजिन बाहेर असतानाच काढून घ्या. ऑइलच्या टोपणाखाली दुधासारखा थर दिसला तर मात्र सावध. ७०६ आकडा कोरलेल्या काही सिलिंडर हेडना आतून बारीक तडा जाऊन कूलंट ऑइलमध्ये झिरपतं. आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघा, आकडा थोडा कमी असला तरी चालेल, सगळे एकमेकांच्या जवळ असले पाहिजेत.

२००७ नंतरच्या ५.३ च्या वाटेला जाऊ नका. त्यांत चार सिलिंडर बंद ठेवून पेट्रोल वाचवायची यंत्रणा आली आणि तिचे लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) बिघडतात. तुम्हाला साधं, लोखंडी ब्लॉकचं, जुन्या पिढीचंच बरं. त्यातही तारेने ओढायच्या थ्रॉटलचं (हवेच्या झडपेचं), म्हणजे साधारण २००२ पर्यंतचं, मिळालं तर सोन्याहून पिवळं. पुढे पेडलपासून थ्रॉटलपर्यंत सगळं इलेक्ट्रॉनिक होत गेलं. तेही बसवता येतं, पण मग पेडल आणि त्याचं मॉड्यूलही त्याच गाडीतून काढून घ्यावं लागतं.

आता बसवण्याचं. फाउंडेशनसाठी (इंजिन चेसिसवर टेकतं ती जागा) ॲडॅप्टर प्लेटा मिळतात, नव्या ब्लॉकवरचे चार बोल्ट आणि जुन्या गाडीचं रबर यांच्यामध्ये त्या येतात. खरी अडचण चेंबरची, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याची. सिल्व्हराडोचा चेंबर खोल आहे, तुमच्या गाडीत तो क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या आडव्या पट्टीच्या) खाली लोंबतो, एखाद्या दगडाने फुटेल. कॅमॅरोचा किंवा खास या कामासाठी बनवलेला उथळ चेंबर घ्या आणि त्याच्याच जोडीची सक्शन ट्यूब आणि डिपस्टिक घ्या. इथे एक काम जपून करायचं. ट्यूबच्या तोंडाला जी ओ-रिंग (रबरी कडी) असते ती नवी घालायची, तिला ऑइल लावायचं, आणि ट्यूब हाताने सरळ पंपात पूर्ण बसेपर्यंत दाबायची. मगच बोल्ट. तो बोल्ट ट्यूबच्या एकाच बाजूला आहे, त्याने ओढून बसवायला गेलात तर ट्यूब तिरकी होते, रिंग चिरते, आणि पंप ऑइलऐवजी हवा ओढतो. बाहेरून काही दिसत नाही, प्रेशर मात्र येत नाही आणि बेअरिंग जातात.

एसीचा कॉम्प्रेसर ट्रकच्या इंजिनावर खाली उजव्या अंगाला असतो, तो तुमच्या चेसिसला लागणार. चेसिस कापायला सांगणारे भेटतील. माझं स्पष्ट मत, कापू नका. कॉम्प्रेसर वर घेणारं ब्रॅकेट मिळतं, ते वापरा.

ब्रेकचं नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

जुनं_ते_सोनं

विरोधी मत मांडतो, राग नसावा.

शेवरोलेचं ते सहा सिलिंडरचं इंजिन सात मेन बेअरिंगवर फिरतं. त्याच्यासारखं शांत आणि चिवट इंजिन फार थोडं झालंय. बोअर, पिस्टन, व्हॉल्व्ह सीट, बेअरिंग एवढं केलं की पुढची कित्येक वर्षं बघायला नको. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. रस्त्याच्या कडेला पाना आणि स्क्रू-ड्रायव्हरने दुरुस्त होतं. मूळ इंजिनाची गाडी हळूहळू दुर्मीळ होत चाललीये आणि प्रत्येक जण व्ही-८ कोंबत सुटला तर पन्नास वर्षांनी खरी ७२ ची सी-१० कशी चालायची हे कोणाला कळणार? हायवेचीच अडचण असेल तर ओव्हरड्राइव्हचा पाच गिअरचा बॉक्स जुन्या इंजिनामागे लावता येतो, त्याचा विचार केलात का?

मिशिगनकर

@जुनं_ते_सोनं, राग कसला. तुमचं म्हणणं मला पटतं आणि त्याचमुळे इतके दिवस हात लावला नव्हता. पण ही गाडी मुलीलाही चालवायची आहे. कडाक्याच्या थंडीत चोक ओढत बसणं, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होणं, हे तिच्या वाट्याला नको. इंजेक्शनचं इंजिन उणे वीसलाही किल्ली फिरवली की सुरू होतं. मूळ इंजिन विकणार नाही. सिलिंडरमध्ये ऑइल सोडून, सगळी तोंडं बंद करून, स्टँडवर ठेवणार आहे. चेसिसवर एकही काप किंवा वेल्डिंग करायचं नाही असं ठरवलंय, म्हणजे उद्या कोणाला परत बसवावंसं वाटलं तर बसेल.

@पाना_बावीस, खूप आभार. अख्ख्या गाडीचं पटलं. शोध सुरू करतो.

सुलक्षणा_के

मी डेट्रॉइटजवळ इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करते, त्यामुळे वायरिंगपुरतं लिहिते. लोक याच टप्प्यावर काम अर्धवट सोडतात आणि गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहते.

हार्नेस (इंजिनाच्या सगळ्या वायरींचा जुडगा) कापू नका. प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी बांधा, फोटो काढा, आणि अख्खा हार्नेस कॉम्प्युटर आणि फ्यूज बॉक्ससकट बाहेर काढा. मग टेबलावर पसरून उलगडा. जीएमच्या (शेवरोलेच्या मालक कंपनीच्या) त्या हार्नेसमध्ये गुलाबी वायर म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा १२ व्होल्टचा करंट, नारिंगी म्हणजे बॅटरीवरून कायम येणारा. हे दोन रंग आणि अर्थिंग एवढं नीट ओळखलंत तर इंजिन सुरू होण्यापुरतं निम्मं काम झालं. गुलाबी वायरीला करंट स्टार्टर फिरतानाही मिळतोय ना, हे मीटर लावून बघा. जुन्या इग्निशन स्विचच्या काही टर्मिनलवर स्टार्टर फिरवताना करंट बंद होतो. तिथे जोडलंत तर सेल्फ फिरत राहील आणि इंजिन सुरू होणार नाही.

कॉम्प्युटरमधलं चोरीविरोधी लॉक आधी बंद करून घ्यावं लागेल, नाहीतर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडेल. त्याच वेळी मागच्या एक्सलचा रेशो आणि टायरचं माप भरून घ्या. गिअर कधी बदलायचे हे त्यावर ठरतं.

दोन पिढ्यांचे भाग एकमेकांत मिसळू नका. जुन्या पिढीच्या क्रँकवर २४ दात्यांचं चाक असतं, नंतरच्या इंजिनांत ५८ दात्यांचं. इंजिन एका पिढीचं आणि कॉम्प्युटर दुसऱ्या पिढीचा असेल तर ठिणगी पडणारच नाही. अख्खी गाडी घ्या हा वरचा सल्ला मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

आणि अर्थिंग. दोन्ही हेडपासून चेसिसला, ब्लॉकपासून बॅटरीला, केबिनपासून चेसिसला, जाड पट्ट्या लावा. रंग खरवडून, धातू उघडा करून. पन्नास वर्षांच्या गाडीत गंजातून करंट परत येईल अशी आशा धरू नका. सेन्सरचे सिग्नल ५ व्होल्टचे असतात, अर्ध्या व्होल्टाचा फरक पडला तरी कॉम्प्युटर भलतंच समजतो.

पाना_बावीस

सुलक्षणाताई, छान लिहिलंत. अर्थिंगचा परिच्छेद प्रिंट काढून गॅरेजात लावावा असा आहे.

आता ब्रेक. तुमचं जुनं इंजिन जेमतेम ११० हॉर्सपॉवरचं. २००२ चं ५.३ हे २८५ चं. इंजिन उतरवायच्या आधी ब्रेक करा. ७२ ची गाडी आहे म्हणजे पुढे डिस्क आहेत, १९७१ पासून कंपनीने दिल्या. ७१ च्या आधीची असती तर चारही ड्रम असते. तरी रबरी होजेस, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर आणि स्टीलच्या सगळ्या पाइपलाइनी बदला. मिठाने पाइप बाहेरून ठीक दिसतो आणि क्लिपखाली पोखरलेला असतो. बूस्टर (ब्रेकचं पेडल हलकं करणारा डबा) नसेल तर तो बसवा.

दुसरं पेट्रोल. या गाड्यांची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे असते. मिशिगनकर, मुलगी चालवणार असेल तर ती टाकी तिथून काढा. हौद्याखाली, चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये बसणाऱ्या टाक्या मिळतात आणि त्यांत इंजेक्शनचा पंप आतच बसतो. तुमच्या जुन्या मेकॅनिकल पंपाचं प्रेशर अगदी कमी असतं, या इंजिनाला ५८ पीएसआय (दाबाचं माप) लागतं. म्हणजे जुना रबरी पाइप एक इंचसुद्धा ठेवायचा नाही. इंजेक्शनसाठीचाच होज, इंजेक्शनसाठीचेच क्लॅम्प. १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर वापरा, त्याच्यातच रेग्युलेटर आहे: टाकीकडून एक पाइप आत, एक परत टाकीकडे, आणि तिसरा इंजिनाकडे. तो टाकीजवळ लावला की पुढे एकच पाइप न्यावा लागतो.

कूलिंगला दोन हेडच्या पुढून निघणारी बारीक वाफेची नळी विसरू नका. ती रेडिएटरच्या वरच्या भागात जोडा. बंद केलीत तर हेडमध्ये हवा अडकते.

प्रॉपेलर शाफ्टचं माप सगळ्यात शेवटी घ्या. इंजिन आणि बॉक्स पक्के बसल्यावर, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. जॅकवर असताना घेतलेलं माप चुकतं, कारण एक्सल खाली लोंबत असतो.

उद्यमनगरी

रामराम मंडळी. कोल्हापुरातनं लिहितोय, शिवाजी उद्यमनगरात आमचं लेथ आणि इंजिनाचं काम हाय. धागा वाचून लई बरं वाटलं. चेंबरच्या त्या ओ-रिंगचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं, इकडं डिझेल इंजिनालाबी सक्शनला हवा धरली की असंच हुतं.

एक विचारायचं हुतं. आमच्याकडं शेतकरी लोक जुनी पिकअप घेऊन येत्यात, म्हणत्यात हिच्यात नव्या गाडीचं कॉमन रेल इंजिन घाला, ॲव्हरेज वाढंल. बॉडी चांगली असती, लोन फिटलेलं असतंय, नवी गाडी परवडत न्हाई. इंजिन बसवायला आम्हाला अडचण न्हाई, ब्रॅकेट आम्ही घरीच बनवतो. पण कायद्याचं काय? कोण म्हणतंय चालतंय, कोण म्हणतंय गाडी जप्त हुती.

ॲड_रेवती

@उद्यमनगरी, दादा, नीट विचारलंत ते बरं केलंत, कारण इथे गिऱ्हाइकाइतकाच गॅरेजवाल्याचाही जीव अडकतो.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. आरसी बुकातला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही के. जयचंद्र प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. जुनं इंजिन गेलं म्हणून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवणं वेगळं. ते आरटीओची परवानगी घेऊन, बिल आणि इंजिन नंबरसकट आरसीवर नोंदवून करता येतं. वेगळ्या प्रकारचं, वेगळ्या क्षमतेचं इंजिन बसवणं त्यात मोडत नाही. सीएनजी किंवा इलेक्ट्रिकसाठी मान्यताप्राप्त किटची सोय कायद्यात आहे. आपल्या पुण्यातली एआरएआय ही वाहन संशोधन संस्था अशा किटच्या चाचण्या घेते.

दंडापेक्षा विम्याची काळजी करा. आरसीवर एक इंजिन नंबर आणि बॉनेटखाली दुसरा, अशा गाडीने अपघात झाला, कोणी दगावलं, तर विमा कंपनी वाद घालू शकते. मग भरपाईचा बोजा त्या शेतकऱ्याच्या जमिनीवर येऊ शकतो. त्याला त्याच प्रकारचं इंजिन बोअर-पिस्टन करून द्या, आणि तसं स्पष्ट समजावून सांगा.

सुलक्षणा_के

@उद्यमनगरी, कायद्याच्या जोडीला तांत्रिक बाजू. जुन्या डिझेलला मेकॅनिकल पंप असतो, एक सोलेनॉइड सोडलं तर वायरिंग जवळपास नाही. कॉमन रेलला रेलमधला दाब हजार बारच्या वर, शिवाय ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पेडल सेन्सर, इमोबिलायझर (चोरीविरोधी लॉक), आणि बीएस-६ या प्रदूषण मानकाचं असेल तर धुराच्या नळीतल्या फिल्टरची सगळी यंत्रणा. यातलं काही वगळलं तर इंजिनाची ताकद कमी होते. ॲव्हरेज वाढायचं राहिलं बाजूला. नोझल, पंपाचं टायमिंग, टर्बो असेल तर त्याची गळती, हे नीट केलं तरी जुन्या गाडीचं ॲव्हरेज बरंच सुधारतं.

उद्यमनगरी

रेवतीताई, सुलक्षणाताई, लई उपकार झालं. आता गिऱ्हाइकाला सरळ सांगता येतंय.

बे_एरिया_मराठी

अमेरिकेतल्या वाचकांसाठी थोडी भर, कारण राज्याराज्यांत फरक आहे. मिशिगनमध्ये धुराची तपासणीच नाही, त्यामुळे धागाकर्त्याला तो ताप नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना नियमित स्मॉग तपासणीतून सूट आहे, म्हणून ७२ ची सुटते. पण समजा कोणाकडे ७८ ची असेल, तर इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्यानंतरचं असावं लागतं, आणि ज्या गाडीतून आलं तिची प्रदूषणाची सगळी सामग्री सोबत बसवावी लागते: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, टाकीच्या वाफा शोषणारा डबा. मग रेफरीकडे (स्मॉग तपासणीच्या खास केंद्राकडे) नेऊन पास करून घ्यायची. केंद्राच्या ईपीएचं (पर्यावरण संस्थेचं) धोरणही याच दिशेचं आहे. तपासणी नसली तरी कन्व्हर्टर काढू नका अशी माझी विनंती. मागे चालणाऱ्या माणसालाही श्वास घ्यायचा असतो.

मिशिगनकर

धागा वर काढतोय, कारण सांगण्यासारखं घडलंय.

मागून ठोकलेली २००२ ची सिल्व्हराडो मिळाली, तारेच्या थ्रॉटलची. आधी ब्रेक आणि टाकी केली, मग इंजिन उतरवलं. कन्व्हर्टर ठेवलेत. चेसिसला कुठेही करवत लावली नाही. चेंबर बसवताना मुलगी खाली आडवी झाली होती, ओ-रिंगचं काम तिने केलं. मी फक्त टॉर्च धरला. सुरू करायच्या आधी इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढून नुसता सेल्फ मारला, गेजला ऑइल प्रेशर चढेपर्यंत. मग फ्यूज लावले. इंजिन लगेच धरलं. इतकं शांत चालतंय की शेजारचे आजोबा विचारत होते, सुरू आहे का म्हणून.

आता राहिलेल्या तीन गोष्टी. एक, स्पीडोमीटर. माझा जुना तारेचा आहे, आणि नव्या बॉक्सला तार लावायला जागाच नाही. दोन, तापमानाचा आणि ऑइलचा मूळ गेज चालू ठेवायचाय. तीन, अल्टरनेटर चार्ज करत नाहीये, बॅटरी १२.३ ला अडकलीये.

पाना_बावीस

वा! लेकीचं अभिनंदन सांगा.

स्पीडोमीटर: ४एल-६०ई च्या शेपटाला सेन्सर आहे, शाफ्टच्या एका फेऱ्याला ४० पल्स देतो. ते पल्स घेऊन छोट्या मोटरने तार फिरवणारा डबा मिळतो. तुमचा मूळ स्पीडोमीटर तसाच ठेवता येतो, डॅशबोर्डला हात लावायला नको.

गेज: तापमानाचा जुना सेंडरच (गेजला सिग्नल देणारा सेन्सर) वापरा, कारण त्या गेजची सुई त्याच्याच रेझिस्टन्सवर चालते. फक्त आटे जुळणार नाहीत. नव्या हेडला १२ मिलिमीटरचे मेट्रिक आटे आहेत, मागच्या ऑइलच्या भोकाला १६ चे. दोन्हीचे ॲडॅप्टर मिळतात. तापमानाचा सेंडर उजव्या हेडच्या मागच्या बाजूला लावा, कॉम्प्युटरचा पुढे डाव्या हेडला आहे तो तसाच राहू द्या. आट्यांना टेफ्लॉन टेप फार गुंडाळू नका, सेंडरचं अर्थिंग त्या आट्यांतूनच होतं.

सुलक्षणा_के

अल्टरनेटरचं मी सांगते. त्याच्या छोट्या कनेक्टरमध्ये 'एल' खूण असलेली वायर बघा. सिल्व्हराडोत तिला कॉम्प्युटरकडून करंट जायचा आणि तो आला की अल्टरनेटर जागा व्हायचा. हार्नेस वेगळा करताना ती बहुधा सुटलेली राहिली आहे. कॉम्प्युटरपर्यंत परत जोडा. ते जमत नसेल तर किल्लीच्या करंटवरून चार्जिंगच्या दिव्यातून किंवा रेझिस्टरमधून न्या. थेट १२ व्होल्ट देऊ नका, आतला रेग्युलेटर जळतो. आणि जुना वेगळा रेग्युलेटर अजून सर्किटमध्ये असेल तर तो काढून टाका, आता त्याचं काही काम नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास आकडा दिसला की झालं. नाही दिसला तर जाड लाल वायरीवरचा फ्यूजिबल लिंक (फ्यूजसारखा वितळणारा तुकडा) तपासा आणि इथे कळवा.